व्यायामाला दिवसात जागा हवी

नमस्कार श्रोतेहो.

व्यायामाचे फायदे ठाऊक नाहीत असा माणूस आज शोधूनही सापडणार नाही. घोडे अडते ते रोज करण्यापाशी. म्हणून फायद्यांची उजळणी न करता मी आज आपल्याला माझ्या अतिशय आवडीची एक हकीकत सांगणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने दगावणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती आणि तिचे कारण कोणालाही नीट सांगता येत नव्हते. माणूस दिवसभर कोणते काम करतो याच्याशी या आजाराचा संबंध असावा, अशी शंका जेरी मॉरिस या डॉक्टरांना आली. 1949 साली त्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील 35 ते 64 वयाच्या सुमारे 31 हजार पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी तपासायला घेतल्या. तिथल्या दुमजली बसवर दोन माणसे कामाला असत. ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसून काढी, तर कंडक्टर तिकिटे देत खालीवर फिरताना दिवसाकाठी 500 ते 750 पायऱ्या चढत असे. बस तीच, रस्ता तोच, राहणीमानही साधारण सारखेच. एक बसलेला आणि दुसरा चालता, एवढाच काय तो ठळक फरक. नोंदी सांगत होत्या की कंडक्टरांना झटके कमी येतात, आले तरी उशिरा येतात आणि त्यातून वाचण्याची शक्यताही त्यांची अधिक असते.

मॉरिस मात्र लगेच हुरळून गेले नाहीत. त्यांनी टपाल खात्यातील नोंदी येईपर्यंत वाट पाहिली, आणि तिथेही पायी किंवा सायकलने पत्रे वाटणारे पोस्टमन बैठे काम करणाऱ्यांपेक्षा सुस्थितीत दिसले. 1953 साली हे संशोधन ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यावर साहजिकच एक आक्षेप निघतो, की मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हर होत असतील. मॉरिस यांनी त्यासाठी काय तपासले असेल? गणवेशाच्या पँटींची मापे! ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर खरोखरच मोठा निघाला. परंतु सडपातळ असो, मध्यम असो वा स्थूल, कंडक्टरांचा धोका ड्रायव्हरांपेक्षा कमीच राहिला. मॉरिस स्वतः नव्वदी उलटल्यावरही पोहत आणि चालत असत. 2009 साली, वयाच्या 99 व्या वर्षी ते वारले.

आता माझा मुद्दा. तो कंडक्टर व्यायाम करतच नव्हता, श्रोतेहो; त्याच्या कामातच व्यायाम होता, त्यामुळे आज मन आहे की नाही हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. आपणही व्यायामासाठी वेगळा उत्साह गोळा करत बसण्यापेक्षा तो रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडावा: सकाळचा चहा झाला की चालायला निघायचे, फोन आला की उभे राहून बोलायचे. पुन्हा सांगतो, ठरलेल्या कामाला जोडावा. लंडनमध्येच झालेल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, मात्र काहींना 18 दिवस पुरले आणि काहींच्या बाबतीत 254 दिवसांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. (इमारती बांधणाऱ्यांवर माझा जुना राग आहे: लिफ्ट दर्शनी भागात आणि जिना मात्र जड दारामागे, मिणमिणत्या दिव्याखाली!)

वय वाढते तसे केवळ चालणे पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. 65 वर्षांपुढे आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींवर भर असावा, असेही सांगते. ताकद आणि तोल, श्रोतेहो, ताकद आणि तोल. कारण म्हातारपणी घात होतो तो पडण्याने. भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवर बसावे, हात छातीशी दुमडावेत, पावले जमिनीवर घट्ट रोवून सावकाश उभे राहावे आणि त्याहून सावकाश खाली बसावे. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेला. सुरुवातीला पाच वेळा पुरे. गुडघे कुरकुरत असतील तर हातांचा आधार घ्यावा, आणि छातीत दुखणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.

नमस्कार.