'जायलो' म्हणजे 'ॲम गोइंग'

(सकाळ. लातूरचा ट्यूशन एरिया. सायकली, पाठीवरच्या बॅगा, टपरीवर चहा.)

सकाळचे सहा वाजलेत आणि लातूरच्या ह्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. नांदेड, परभणी, धाराशिव, बीड, कुठून कुठून पोरं येतात इथं, रूम करून राहतात, डब्याचं जेवतात, कुणाला डॉक्टर व्हायचंय कुणाला इंजिनिअर. फिजिक्सची गणितं धडाधड सोडवतात. पण ह्यातल्याच एखाद्याला म्हणा की जरा दोन मिनिटं इंग्रजीत बोल बरं, की "आय ॲम... आय वॉज..." आणि मान खाली. हुशारीत कुठं कमी नाही हो ही पोरं, इंग्रजी त्यांच्यापर्यंत ज्या रस्त्यानं आली तो रस्ताच लांबचा आहे, आणि मला तेच दाखवायचंय.

(औसा तालुका. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग.)

लातूरपासून थोडं लांब आलोय आपण. मॅडमनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिलीत. "मी शाळंत जातो." "मी शाळंत जायलो." आणि विचारतात, काय फरक हाय रे दोन्हीत? मागच्या बाकावरचं पोरगं उठतं, "मॅडम, जातो म्हंजी रोजचं. जायलो म्हंजी आत्ता रस्त्यातच हाय की." मॅडम काही बोलत नाहीत, फक्त खाली लिहितात: आय गो. आय ॲम गोइंग.

वर्गात एकदम गलका होतो. कारण पुस्तकात लिहिलेलं असतं "मी जात आहे", आणि ह्या गावात "जात आहे" असं कुणीच म्हणत नाही. पोरानं आधी आपलं बोलणं पुस्तकी मराठीत न्यायचं, मग तिथून इंग्रजीत, म्हणजे दोन उड्या. आणि पहिल्याच उडीत कितीतरी पोरं पडतात. जायलो, करायलो, खायलो ह्याला आपण गावठी म्हणून हसतो, आणि तेच इंग्रजीच्या 'इंग'शी किती नीट जुळतंय बघा. मला स्वतःला हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर माझी तीन-चार वर्षं वाचली असती, खरंच सांगतो.

पण सगळीकडं जुळत नाही, आणि मॅडम तेही लपवत नाहीत. "समजायलं न्हाई" ह्याचं पोरं करतात "आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग". इथं आपलं 'यलं' फसवतं. समजणं, माहीत असणं, आवडणं, पाहिजे असणं ही हातापायानं करायची कामं नाहीत, मनात असलेल्या गोष्टी आहेत, त्यांना इंग्रजी सहसा 'इंग' लावत नाही. आय डोन्ट अंडरस्टँड, बस. नुसतं असणंही तसंच, मला दोन भाऊ आहेत, तर आय हॅव टू ब्रदर्स, 'हॅविंग' नाही. पण "आय ॲम हॅविंग लंच" चालतं, कारण तिथं 'हॅव' म्हणजे जेवण, आणि जेवण चालू असतं.

(एसटी स्टँड. बस सुटते.)

आता सगळ्यात मोठी गाठ. "काल मी उदगीरला गेलो होतो." आपण रोज असंच बोलतो, गेलो आणि परत आलो हे दोन्ही त्या 'होतो'त येतं. म्हणून पोरगं लिहितं "आय हॅड गॉन टू उदगीर यस्टरडे", आणि इंग्रजीवाला ऐकून थांबतो, त्याला वाटतं पुढं अजून काहीतरी सांगायचंय. कारण त्यांचा 'हॅड' एकटा येत नाही, तो भूतकाळातल्या दुसऱ्या गोष्टीच्या आधीची गोष्ट सांगायला येतो. मी स्टँडवर पोचलो तेव्हा बस गेली होती. व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट. आधी बस गेली, मग मी पोचलो, इथं 'हॅड' पाहिजेच. उदगीरला नुसतं जाऊन आलात ना, मग आय वेंट. संपलं.

तसंच 'पासून'. सकाळपासून नळाला पाणी नाही, दहा दिवसांपासून नळाला पाणी नाही, आपल्याला दोन्हीकडं एकच 'पासून' पुरतो (आणि पाण्याचं उदाहरण लातूरकराला समजावून सांगावं लागत नाही, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलंय इथं). इंग्रजीत त्याचे दोन होतात. मॅडमची युक्ती अशी, की जे कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता येतं तिथं सिन्स, जे बोटांवर मोजायचं तिथं फॉर. सिन्स मॉर्निंग, फॉर टेन डेज. आणि क्रियापदाला 'हॅव बीन' घ्यायचं, "आय हॅव बीन स्टेइंग हिअर फॉर टू इयर्स".

'अ' आणि 'ॲन'चं तर सोपंय, शब्द देवनागरीत लिहून बघायचा. अवर, पहिला स्वर, म्हणून ॲन अवर. युनिव्हर्सिटी, पहिला य, म्हणून अ युनिव्हर्सिटी. ॲन एमपीएससी क्लास, अ यूपीएससी क्लास. स्पेलिंगकडं बघायचंच नाही, कानाकडं बघायचं.

(पारावर बसलेले म्हातारे.)

ह्यातल्या काहींचा जन्म निजामाच्या राज्यातला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथली कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ ला हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं, इंग्रजी तिथं एक विषय म्हणून. अजून बोलण्यात फैसला, दरखास्त येतंच. मग त्यांची पोरं मराठीत शिकली, इंग्रजीशी गाठ पडली पाचवीत. आणि २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीलाच ए बी सी डी आली. एका घरात आजोबा, बाप, नात, तिघांची शाळा तीन तऱ्हेची. नात अडखळते तेव्हा घरात विचारणार कुणाला, हे लक्षात घ्या.

(पुन्हा वर्ग. शेवटचा तास.)

आज अनेकवचनं चाललीत. टूथचं टीथ, फूटचं फीट, गूजचं गीज. एक पोरगी विचारते, मॅडम मंग मंगूसचं मंगीज का? मॅडम मान हलवतात. मंगूसेस. का? कारण त्या शब्दाचा गूजशी, म्हणजे बदकाच्या त्या भाऊबंदाशी, काही संबंध नाही, तो इंग्रजीनं आपल्याकडून नेलाय, मराठीतून.

"म्हंजी आपलं मुंगूस?"

"आपलंच मुंगूस."

पोरगी वहीत लिहून घेते, आणि खिडकीतून बाहेर शेताकडं बघते.