पन्नास की साठ

(दृश्य: चटईवर ठेवलेला जुना गेम, शेजारी पिवळी कॅसेट.)

मे महिन्याची सुट्टी. दुपारी बाकीचं घर झोपलेलं, आणि आपण कॅसेट फुंकून आत दाबतोय. नव्वदच्या दशकात आपल्यापैकी कितीतरी जणांनी मारिओ असाच खेळला. तो मारिओ हळू धावत होता. आपल्याला ते जाणवलं नाही, कारण दुसरा पाहिलाच नव्हता.

आपल्या घरातला गेम म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. तिथला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतो, आपला पाल नावाच्या प्रक्षेपण पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. मारिओच्या घड्याळातला एक आकडा दर २४ चित्रांनी उतरतो. ४०० पासून शून्यावर यायला जपानमध्ये साधारण १६० सेकंद लागतात, आपल्याकडे १९२. गाण्याचा ठेकाही त्याच मापात सैल पडतो.

(दृश्य: उघडलेलं खोकं, हिरवा बोर्ड.)

लोक म्हणतात, नक्कल ती नक्कलच. मला हे पटत नाही. तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल देशांसाठी ज्या चिपा बनवल्या, त्या जवळून बघा. निन्टेन्डोच्या युरोपी यंत्रात, सगळ्या कामाची गती ठरवणाऱ्या २६.६० मेगाहर्ट्झच्या ठोक्याला १६ ने भागून प्रोसेसर चालतो. तिथे जपानी कॅसेट लावली की सूर उतरतो, काही गेमचं चित्रही विस्कटतं. यूएमसीने १५ ने भागलं. त्यामुळे पडद्याची एक ओळ रंगेपर्यंत प्रोसेसरला मिळणारा वेळ जपानी यंत्राइतकाच राहिला, आणि सूरही जवळजवळ जागेवर आला. पालमध्ये ओळी २६२ ऐवजी ३१२. वाढीव पन्नास ओळी ही चिप गुपचूप घालवते, आणि मगच गेमला कळवते की चित्र संपलं. जपानी कॅसेटला आपण परक्या टीव्हीवर आहोत याचा पत्ताच लागत नाही. रशियात डेंडी नावाने घराघरांत पोचलेलं यंत्र याच जातीचं. कुणीतरी बसून, डोकं लावून हे केलंय.

फक्त वेग तेवढा परत आणता आला नाही. तो टीव्हीच्या हातात होता.

मग आज या खोक्याला ५० की ६० ते बदलणारा स्विच लावायचा कशाला? आजचे बरेच टीव्ही ५० आणि ६० दोन्ही घेतात, म्हणून.

पहिला मोह होतो तो नुसता क्रिस्टल, म्हणजे ठोका देणारा भाग, बदलायचा. २६.६० काढला, जपानी २१.४७ लावला. मीही तेच केलं. चित्र गरागरा फिरलं, रंग गेले, मारिओ आणखी रेंगाळला. कारण साधं आहे. या ठोक्याचा सहावा भाग म्हणजे रंगाची लहर: पालची ४.४३, जपानची ३.५८. चिप पालच्या हिशेबाने चालत राहिली आणि ठोका तेवढा मंदावला, तर सेकंदाला जेमतेम ४० चित्रं निघतात. नाडी बदलली, मेंदू तोच राहिला.

हे खोकं नंतरच्या काळातलं आहे. सगळं यंत्र चिपवर ओतलेल्या त्या एका काळ्या थेंबाखाली. त्याची एक वाट बोर्डावरच्या छोट्या पॅडला, म्हणजे सोल्डर करायच्या ठिपक्याला, येते, आणि ५० की ६० ते तिथे ठरतं. प्रत्येक बोर्डावर ही सोय नसते. असली तरी ती कुठे आहे, ते मल्टिमीटरने तपासल्याशिवाय काहीही कापू नका.

(दृश्य: सोल्डरिंग गनचं टोक, धुराची बारीक रेघ.)

सहा पायांचा सरकता स्विच. एका बाजूचे तीन पाय पॅडला, दुसऱ्या बाजूचे तीन दोन्ही क्रिस्टलसाठी. एकाच सरकवण्यात दोन्ही बदललं पाहिजे. क्रिस्टलच्या वायरी बोटाच्या पेरापेक्षा लांब ठेवू नका, नाहीतर ठोका अडखळतो. आणि गेम बंद केल्यावरच स्विच सरकवा.

(दृश्य: पडदा. पहिली पातळी.)

६०. गाणं ऐका. किती चटपटीत आहे!

माळ्यावरच्या जुन्या टीव्हीला मात्र हे झेपत नाही. तिथे चित्र काळंपांढरं येतं आणि मागचं व्ही-होल्डचं, म्हणजे चित्र वर-खाली फिरणं थांबवणारं, बटण फिरवत बसावं लागतं. आवाजाचा पोतही बदलत नाही. अनेक नकलांमध्ये सुरांच्या दोन लहरींची अदलाबदल झालेली असते, ती स्विचने सुटत नाही. त्या किंचित वेगळ्या आवाजातच आपण हे गाणं पहिल्यांदा ऐकलंय.

माझा मोठा भाऊ परवा येऊन खेळला. ६० वर पहिल्याच खड्ड्यात दोनदा गेला. त्याने काही न बोलता गेम बंद केला, स्विच ५० वर आणला आणि रिमोट पुन्हा हातात घेतला.

(दृश्य: त्याचे अंगठे. आवाज सुरू राहतो.)