चौकटीबाहेरची झाडं

हे जे आता स्क्रीनवर आहे ना ते फ्रान्समधल्या कामीय पिसारो या चित्रकाराचं १८७३ सालचं चित्र, ‘गोठलेलं दंव’. सध्या पॅरिसच्या ओरसे म्युझियममध्ये आहे. जागा खरीखुरी आहे, पॅरिसपासून साधारण ३० किलोमीटरवर पोंत्वाज, आणि तिथून एनरी गावाकडे जाणारी ही जुनी वाट. थंडीतली सकाळ, एक माणूस पाठीवर लाकडांची मोळी घेऊन काठी टेकत चाललाय, बाकी सगळं नांगरलेलं रान. बस एवढंच.

आता जरा सावल्या बघा. नांगराचे तास एका दिशेने गेलेत आणि त्यांना आडव्या कापत या लांबच लांब निळसर सावल्या आल्यात, पण ज्या झाडांच्या त्या आहेत ती झाडं कुठायत? चित्रात नाहीतच! ती चौकटीच्या बाहेर आहेत. १८७४ च्या एप्रिलमध्ये नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत इम्प्रेशनिस्टांचं, म्हणजे बदलता प्रकाश आणि त्या क्षणाचा भास रंगात पकडू बघणाऱ्या पिसारो-मोने वगैरे चित्रकारांचं, पहिलं प्रदर्शन भरलं, तिथे हे चित्र लागलं होतं आणि कास्तान्यारी नावाच्या समीक्षकाने, जो तसा या मंडळींच्या बाजूचा होता, त्यानेसुद्धा ही गंभीर चूक म्हणून दाखवली. लुई लरुआ या दुसऱ्या समीक्षकाने तर हे तास नव्हेत, मळक्या कॅनव्हासवर फासलेली पॅलेटची, म्हणजे रंग कालवायच्या पाटीची, खरवड आहे अशी खिल्ली उडवली.

मला विचाराल तर या चित्राचा जीव त्या चुकीतच आहे. झाडं दाखवली असती तर आपण लांबून एक देखावा बघत राहिलो असतो, पण सावली आपल्या बाजूने आत शिरते त्यामुळे ती झाडं आपल्याच आसपास कुठेतरी उभी आहेत असं वाटतं, म्हणजे आपणही त्याच रानात त्याच गारठ्यात उभे आहोत. आणि लरुआला जी खरवड दिसली तो रंगाचा जाड, खडबडीत थर आहे म्हणून तर ढेकळांवरचं दंव हाताला लागेल असं वाटतं, गुळगुळीत रंगवून ते आलंच नसतं.

अजून एक, तो मोळीवाला. मिले या आधीच्या फ्रेंच चित्रकाराने १८५७ मध्ये सरवा वेचणाऱ्या बायका रंगवल्या त्या अगदी पुढ्यात, मोठ्या, पुतळ्यासारख्या भारदस्त. पिसारो इथे तसं काही करत नाही, माणूस लहान ठेवलाय, ना त्याची कीव केलीय ना त्याला हिरो केलंय, तो आपला कामाला चाललाय आणि त्याच्याएवढंच लक्ष पिसारोने मातीकडेही दिलंय. मला हा मान जास्त मोठा वाटतो. सगळे त्या प्रदर्शनातल्या मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राबद्दल बोलतात, बोलू देत, मी मात्र याच्यासमोर जास्त वेळ थांबेन.

पुढे १८८० च्या दशकात पिसारोची शेतकरी माणसं हळूहळू पुढे येतात, मोठी होतात, चेहरे दिसायला लागतात. १८८४ मध्ये तो एरान्यी या गावी राहायला गेला, तिथली सफरचंद तोडणीची १८८८ ची स्लाइड आता लावतो, त्यात झाडाखालची सावली नीट बघा.