रात्री साडेनऊला पुण्याच्या पेठेत किती खिडक्या उजळतात?

(लक्ष्मी रस्ता. दुकानांची शटर खाली येताहेत.)

नमस्कार. शहराचा मध्यभाग जिवंत आहे का, हे दिवसाच्या गर्दीवरून कळत नाही. तुळशीबाग तर रोजच ओसंडते. शटर पडल्यावर मान वर करून बघा. वरच्या मजल्यांवर दिवे आहेत? कुकरची शिट्टी ऐकू येते? की खोल्यांत साड्यांचे गठ्ठे आणि खोकी रचलीत? गोदामाला दूध लागत नाही, पेपरही नाही. मग कोपऱ्यावरचा वाणी उठतो, पिठाची गिरणी बंद होते, आणि जे राहताहेत त्यांनाही राहणं जड जातं.

वाड्यांच्या भाड्याचं दुखणं जुनं आहे. १९४७ च्या कायद्यानं भाडी गोठवली. १९९९ च्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण ५० रुपयांवर ४ टक्के म्हणजे २ रुपये. त्यात मालक वाडा शाकारणार कसा? छत गळतं, पाणी मातीच्या भिंतीत मुरतं, तुळई कुजते, एक दिवस धोकादायक इमारतीची नोटीस लागते.

वाडा पडला की त्या जागी काय उभं राहतं, यावर गल्लीचं पुढचं सगळं ठरतं. खरी चूक इथेच होते.

(जाळीच्या फाटकाचा शॉट.)

पेठेतल्या जागा रस्त्याकडे अरुंद आणि आत खोल. समजा, दर्शनी बाजू ६ मीटर आहे. गाडी आत घ्यायला साधारण ३ मीटरचं फाटक गेलं. उरलेल्या ३ मीटरमध्ये जिना, विजेचे मीटर, वॉचमनची खुर्ची. जिथे ओटा आणि दुकान होतं, तिथे काळोखं पार्किंग. अशा पाच इमारती ओळीनं झाल्या की ३० मीटर चालताना एक उघडं दार दिसत नाही. रात्री बायका ती गल्ली टाळतात. वर माणसं राहतात खरी, पण खालच्या रस्त्याशी त्यांचा संबंध गाडी काढण्यापुरता.

उपाय नकाशा काढतानाच करावा लागतो, मंजुरीनंतर बदल महाग पडतो. शेजारच्या दोघा-तिघा मालकांनी मिळून एकच फाटक ठेवावं, जमलं तर प्लॉटच एकत्र करावेत. पार्किंग मागे ढकला. रस्त्याकडची पहिली ४-५ मीटर जागा दुकानाला, शिंप्याला, दवाखान्याला द्या. ओटा ४५ सेंटीमीटर उंच ठेवला तर त्यावर माणूस बसतो. ९० केला तर फक्त कुंड्या बसतात. शेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवाच.

आणि कारागिरांना हाकलू नका. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याची भांडी घडवणारे हात आणि राहती घरं शेजारी-शेजारी आहेत. ठोकाठोकीची वेळ ठरवता येते. आळी उठली तर पुन्हा बसवता येत नाही.

आता फुटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या आत. कागदावर ती जागा असते, कारण टेप भिंतीपासून कडेपर्यंत लावलेली असते! मध्ये विजेचा डीपी बॉक्स, झाड, फ्लेक्स, दुचाकी. अडथळ्यांच्या मधलं अंतर मोजा. दुसरी खोड म्हणजे दर फाटकाशी फुटपाथ खाली उतरवायचा. चढ-उतार करून आजोबा कंटाळतात आणि रस्त्यावरून चालतात. फुटपाथ सपाट ठेवा, चढायचं ते गाडीनं. बोळात मात्र फुटपाथच नको; सगळं एका पातळीत आणि गाड्या संथ.

पी-१, पी-२ म्हणजे एक दिवस या बाजूला, एक दिवस त्या बाजूला पार्किंग; त्याबद्दल थोडं वाईट बोलतो. सम-विषम तारखेची वाटणी दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना न्याय्य आहे, पण रोज बाजू बदलते, त्यामुळे कुठल्याच बाजूला कायमचं झाड किंवा बाक लावता येत नाही. मंडई मेट्रो स्थानक सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. त्याच्या आसपास तरी पार्किंगची एक बाजू कायमची काढून बघायला हरकत नाही. ११ डिसेंबरला, पादचारी दिनी, लक्ष्मी रस्ता गाड्यांविना कसा दिसतो हे पुणेकरांनी पाहिलंच आहे.

आपल्या गल्लीत १०० मीटर चाला आणि रस्त्यावर उघडणारी दारं मोजा. दहा-बारा भरली तर गल्ली ठीक आहे. फाटकं धरू नका.