अपील कागदावरच लढलं जातं

नमस्कार श्रोतेहो.

खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली, की आठवडाभरात घरची माणसं नागपूरची गाडी धरतात. गडचिरोलीची असोत, वाशीमची असोत की बुलडाण्याची. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांची अपिलं सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या हायकोर्टातच येतात. मी तिथं फौजदारी अपिलं चालवते. समोर बसलेल्या बापाचं किंवा भावाचं पहिलं बोलणं बहुतेक वेळा सारखंच असतं. "म्याडम, खालच्या कोर्टात आमचं कोनी आयकलंच नाही. आता वरच्या कोर्टात साक्षीदार आनतो न आम्ही. गावातले पाच मानसं आहेत, सांगतेत काय झालं ते."

त्या माणसाला नाही म्हणणं जिवावर येतं, पण म्हणावं लागतं. हायकोर्टात खटला पुन्हा पहिल्यापासून चालत नाही. दोन न्यायमूर्ती बसतात आणि त्यांच्यापुढे असतं पेपरबुक. म्हणजे सेशन कोर्टात नोंदलेल्या सगळ्या साक्षी, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, केमिकल अ‍ॅनालायझरचा रिपोर्ट, आरोपीनं न्यायाधीशांच्या प्रश्नांना दिलेला जबाब आणि निकाल, असा सगळा गठ्ठा. वाद होतो तो या कागदांवर. त्यात जे आहे ते तुमचं. जे नाही, ते गावातल्या पाच माणसांना ठाऊक असलं तरी कोर्टाच्या लेखी घडलेलंच नाही.

कायद्यात एक खिडकी आहे. अपिलाच्या टप्प्यावर जादा पुरावा घेण्याचा अधिकार हायकोर्टाला आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ३९१ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तो ४३२ मध्ये आहे. पण ही खिडकी क्वचित उघडते. खालच्या कोर्टात राहून गेलेली फट बुजवायला ती नाही, असं कोर्टं वारंवार सांगत आली आहेत. तेव्हा तिच्या भरवशावर कुणी राहू नये.

मग अपिलात लढायचं कशावर? पुराव्यावरच. खालच्या कोर्टानं ज्याला पुरावा म्हटलं, तो पुरावा म्हणून उभा राहतो का, यावर.

एक गोष्ट जवळून पाहू. खुनानंतर पोलीस साक्षीदाराचा जबाब लिहून घेतात. समजा, त्या जबाबात साक्षीदार म्हणाला, "अंधार होता, मारणारा ओळखू आला नाही." दीड वर्षानं कोर्टात तोच माणूस पिंजऱ्यात उभा राहून आरोपीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "हाच होता." घरच्यांना वाटतं, झालं, खोटं उघडं पडलं. जबाब तर दोषारोपपत्रात लावलेलाच आहे! पण पोलिसांपुढचा जबाब हा आपोआप पुरावा होत नाही. बचावाच्या वकिलानं उलटतपासात तो भाग साक्षीदाराला वाचून दाखवावा लागतो आणि विचारावं लागतं, "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?" तो म्हणतो, "नाही." मग त्या ओळींना कंस घालून 'पोर्शन मार्क ए' अशी खूण होते. एवढ्यानं भागत नाही. पुढे तपास अधिकाऱ्याची साक्ष होते, तेव्हा त्याला विचारावं लागतं, की हा मार्क ए तुम्ही साक्षीदाराच्या सांगण्यावरून लिहिला का? तो 'हो' म्हणाला की मगच विसंगती शाबीत झाली. यातली दुसरी पायरी राहिली, तर हायकोर्टात तो जबाब आम्ही डोळ्यांनी वाचू शकतो, पण त्यावर बोट ठेवू शकत नाही. किती पेपरबुकं मी अशी पाहिली आहेत, की ज्यात मार्क ए आहे, मार्क बी आहे आणि तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासात त्यांचं नावही नाही! सेशन कोर्टातल्या एका दुपारी कुणीतरी घाईत होतं, दुसरं काय.

दुसरी जागा म्हणजे जप्ती. "आरोपीनं खुनातला चाकू काढून दिला" हे वाक्य तुम्ही पेपरात वाचता. पोलीस कोठडीतला कबुलीजबाब कायद्याला चालत नाही. त्यातला फक्त तेवढा भाग चालतो, ज्यामुळे एखादी वस्तू सापडली. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टानं, पुलुकुरी कोटय्या खटल्यात ही रेघ आखून दिली, ती आजही तशीच आहे. "छपरात लपवलेला चाकू काढून देतो" हे चालेल. "ज्यानं मी त्याला भोसकलं" हे शब्द वगळायचे. म्हणजे सिद्ध होतं ते इतकंच, की चाकू कुठं आहे हे आरोपीला ठाऊक होतं. तो खुनातलाच चाकू आहे, हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि ते रक्तानं होतं.

रक्त म्हटलं की आम्ही तारखा बघतो. चाकू जप्त कधी झाला? जागेवर पंचांच्या सह्यांचं लेबल लावून, लाखेनं सील केला का? मुद्देमाल कक्षाच्या रजिस्टरमध्ये नोंद कोणत्या दिवशीची? प्रयोगशाळेत पाकीट गेलं कधी, कोण शिपाई घेऊन गेला, आणि त्याची साक्ष झाली का? मधले वीस दिवस पाकीट कुठं होतं याचं उत्तर कागदात नसेल, तर रिपोर्टमध्ये "मानवी रक्त, गट ए" लिहिलेलं असूनही तो रिपोर्ट डळमळतो. मयताचा गट ए आणि आरोपीचाही ए असेल, तर त्या ओळीतून हाती काय लागलं? डीएनएच्या नमुन्यांबाबत सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये देशभरासाठी सूचना दिल्या. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेकडे पोचवायचा, आणि कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याचं रजिस्टर खटल्याच्या कागदांत लावायचं. सीसीटीव्हीचंही तसंच. फुटेजची कॉपी दिली असेल तर सोबत ती कशी काढली हे सांगणारं, कायद्यातलं प्रमाणपत्र लागतं, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक वादात पक्कं केलं. निवडणुकीच्या भांडणातला तो नियम आज खुनाच्या अपिलांत रोज वाचला जातो.

आणि आता नागपूरचं सांगते. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नसतो, फक्त परिस्थितीजन्य पुरावा असतो, अशा खुनाच्या अपिलांत देशभरातले वकील एक निकाल हमखास वाचतात. १९५२ चा. तो खुनाचा नाहीच! मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती तेव्हाची ही गोष्ट. अबकारी आयुक्त हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्यावर आरोप होता सिवनीच्या दारूभट्टीच्या टेंडरमध्ये गडबड केल्याचा, आणि एक पत्र मागची तारीख घालून बनवल्याचा. सरकारचं म्हणणं, पत्र ज्या टाइपरायटरवर उमटलं, तो त्या तारखेला नागपुरात आलेलाच नव्हता. इथल्या हायकोर्टानं दोष कायम ठेवला, सुप्रीम कोर्टानं तो पुसला. न्यायमूर्ती महाजन यांनी तेव्हा बजावलं, की अशा खटल्यात तर्क किंवा संशय पुराव्याची जागा घेऊन बसण्याचा धोका कायम असतो. प्रत्येक दुवा पूर्ण शाबीत झाला पाहिजे, आणि सगळे मिळून एकाच निष्कर्षाकडे गेले पाहिजेत.

त्याच वाटेवर पुढे १९८४ चा सारडा खटला आला, पुण्याचा. तरुण विवाहितेचा सायनाइडनं मृत्यू, नवऱ्याला फाशी, हायकोर्टातही ती कायम. सुप्रीम कोर्टात तिची माहेरी लिहिलेली पत्रं उलगडली गेली. आत्महत्या नव्हे असं ठामपणे म्हणता येईना, आणि तो सुटला. परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या त्या निकालात आहेत. वकील त्याला 'पंचशील' म्हणतात. त्यातलीच आणखी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. जी बाब आरोपीच्या कोर्टापुढच्या जबाबात त्याला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरायची नाही. पुढच्या निकालांनी हे थोडं सौम्य केलं. न विचारल्यानं आरोपीचं नुकसान झालं का, हे आता पाहतात. तरी पेपरबुक उघडल्यावर मी पहिल्यांदा त्या प्रश्नोत्तरांची पानंच काढते.

श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आलं असेल, की या बाई खुन्यांना सोडवण्याच्या युक्त्या सांगताहेत. १९७३ च्या बोबडे खटल्यात, महाराष्ट्रातल्याच, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन्ही बाजू धरल्या होत्या. आरोपीनं गुन्हा केला 'असेल' आणि केला 'असलाच पाहिजे' यांतलं अंतर लांबचं आहे, असंही त्यात आहे. आणि संशयाचा फायदा देण्याचं वेड लागू देऊ नका, गुन्हेगार सुटला तर तोही अन्यायच, असंही त्याच निकालात आहे. मला दोन्ही पटतं. पुरावा नीट गोळा झाला असता तर खरा गुन्हेगार आतच राहिला असता. सील न लावणाऱ्याचा राग वकिलावर काढून काय उपयोग?

नाशिकजवळ २००३ साली एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचा जीव गेला. भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशी झाली. हायकोर्टानं तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्यांनाच फाशी सुनावली. म्हणजे अपिलाचा रस्ता संपलाच. पण वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीनं सुरुवातीला पोलिसांच्या फोटो अल्बममधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांची चौकशी पुढे सरकलीच नाही. हा कागद पहिल्या दिवसापासून फायलीत होता! पुनर्विलोकनात, म्हणजे सुप्रीम कोर्टानं आपलाच निकाल पुन्हा तपासला तेव्हा, तो वाचला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष ठरले. सोळा वर्षांनी. प्रत्येकी पाच लाख भरपाई देण्याचा आदेश झाला. त्या झोपडीतल्या माणसांचे मारेकरी कोण, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आता कामाचं बोलते, कारण आज ऐकणाऱ्यांत कुणाचा तरी भाऊ वर्धा रोडच्या जेलमध्ये असेल.

जन्मठेपेविरुद्ध हायकोर्टात अपील करायला साठ दिवस असतात. फाशीची शिक्षा झाली असेल तर तीस. फाशी तर अपील केलं नाही तरी हायकोर्टाच्या शिक्कामोर्तबाशिवाय देताच येत नाही. निकालाच्या नकलेसाठी लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, उशीर माफही होतो, पण त्यासाठी कारण द्यावं लागतं. अपिलासोबत शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो. जन्मठेपेत तो सहजी मिळत नाही, सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकावंच लागतं. पण वादाचा मुद्दा वरवर वाचूनही जाणवेल असा असेल, तर तो जामिनाच्या अर्जातच पहिल्या पानावर मांडायला सांगा.

आणि शेत विकू नका. कैद्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसं लिहिलंय. निकालाची प्रतही फुकट मिळते. १९७८ च्या होसकोट खटल्यात एका कैद्याचं अपील चार वर्षं उशिरा आलं, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे निकालाची प्रत त्याला मिळालीच नव्हती. तेव्हापासून प्रत जेलमध्ये कैद्याच्या हाती देऊन त्याची सही घेणं बंधनकारक आहे. जेलमधून अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं.

जुन्या वकिलाकडून दोषारोपपत्राचा पूर्ण संच मागून घ्या, नुसता निकाल आणू नका. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर हायकोर्टातल्या विधी सेवा उपसमितीकडे या. घरबसल्या १५१०० या नंबरवर फोन लागतो. फोन करताना सेशन केसचा नंबर, निकालाची तारीख आणि कैद्याचा जेलमधला नंबर जवळ लिहून ठेवा. पहिले तेच विचारतात. नमस्कार.