किती खणांचं घर?

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, दोन खणी जागेत गेलं. खोली किती फुटांची हे तेव्हा कुणी विचारत नसे. जागा किती खणांची, एवढंच विचारत. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण ५ ते ६ फूट. खांबांवरच्या आडव्या तुळईला पेलवेल तेवढाच खण. सोपा, म्हणजे पुढची ओसरी, मोठा हवा असेल तर खण ताणायचा नाही, एकापुढे एक जोडत जायचं : तीन खणी, पाच खणी, सात खणी. घराचं माप लाकडाच्या ताकदीनं ठरत होतं. वाडा बघायला जाल तेव्हा आधी खण मोजा. कोरलेली केळफुलं आणि कमानीसारख्या महिरपी नंतर बघा.

खांब जमिनीत रोवलेला नसतो. ओल लाकडात चढू नये म्हणून तो तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, ठेवतात. त्यावर तुळई, तुळईवर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, पाटांवर मातीचा थर. असं छत म्हणजे कडीपाट. भिंती जाडजूड दिसतात, पण त्यांच्या पोटातही खांब दडलेले असतात. म्हणजे वाडा उभा असतो तो लाकडावर. शनिवारवाड्यात हे फार स्पष्ट कळतं. १७३० साली त्याचा पाया घातला, १८२८च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. तट आणि दिल्ली दरवाजा आहेत, आत नुसती जोती, म्हणजे इमारतींचे चौथरे. लोक म्हणतात, इथं बघण्यासारखं काही नाही. अहो, त्या जोत्यांवर जे होतं ते मुख्यतः लाकूड होतं! जोत्यावर उभे राहा आणि मनात खांब मांडा.

आता चौक. रस्त्याच्या बाजूला वाडा फारसा उघडत नाही. दिंडीतून, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारातून, वाकून आत यायचं, पहारेकऱ्याची देवडी ओलांडायची, की एकदम डोक्यावर आभाळ. उजेड, वारा, पाऊस सगळं तिथूनच येतं. मोठ्या वाड्यात पुढचा चौक आल्यागेल्यांचा आणि हिशेबाचा, मागचा घरच्यांचा. चौकाचं कौतुक मीही करतो, पण माजघरातला काळोख मला कधीच सुंदर वाटला नाही. दोन चौकांच्या मधे, भर दुपारी दिवा लावावा लागणाऱ्या त्या जागेत घरातल्या बायकांचं आयुष्य गेलं. ते न सांगता वाड्याचं वर्णन करणं मला पटत नाही.

विश्रामबागवाडा मात्र रस्त्याकडे बघतो. दुसऱ्या बाजीरावानं १८०७च्या सुमारास बांधलेल्या या वाड्याची लाकडी दर्शनी बाजू, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि पुढे आलेला सज्जा रस्त्यावरूनच नजरेत भरतो.

वाडे का पडले? १९६१च्या पानशेतच्या पुरानं नदीकाठचे कितीतरी नेले. गोठलेल्या भाड्यात मालकांना डागडुजी परवडेना. पण मला सर्वांत जास्त सलतं ते सिमेंट. जुन्या भिंती मातीच्या, चुन्याच्या. त्या ओल घेतात आणि सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि भिंतीतला खांब खालून कुजतो. आमच्या वाड्यात हेच झालं. गिलावा फोडला तेव्हा सागाचा खांब हातानं चुरत होता. पण कुजला होता तो फक्त पायाशी, हातभर. वरचा खणखणीत होता. तुळईला टेकू देऊन तेवढाच पाय कापायचा, नवा साग सांधायचा, खांब पुन्हा तळखड्यावर बसवायचा. हे काम जाणणारे सुतार अजून आहेत. आम्ही त्यांना बोलावलं नाही.