नाकापेक्षा मोती जड: रस्त्यावरच्या गाडीचा कॅमशाफ्ट

[पहाट. उभी गाडी, इंजिन चालू. काही क्षण फक्त आवाज.]

हा आवाज आधी नीट ऐकून घ्या. धड, धड, मग एक ठोका गिळल्यासारखा, आणि लगेच दोन जोरात. गाडी उभ्या जागी डुलतेय, आरशातलं प्रतिबिंब थरथरतंय. इंजिनाचं वेड असलेल्या माणसाची मान या आवाजाकडे वळणारच. पहिला परफॉर्मन्स कॅम, म्हणजे जास्त ताकदीसाठी बदललेला कॅमशाफ्ट, बरेच जण घेतात तो याच आवाजासाठी. हे निवेदन लिहिणाराही त्यातलाच. नवा कॅम बसवून आठवडा झाला नव्हता. गाडी रिव्हर्स घेताना ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं आणि मागचा बंपर खांबाला टेकला. पेडल का अडलं आणि त्याचा या गोड आवाजाशी काय संबंध, ते पुढे येईलच.

[टेबलावर कॅमशाफ्ट. एक हात तो सावकाश फिरवतोय.]

कॅमशाफ्ट म्हणजे एक दांडा, आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. या उंचवट्यांना लोब म्हणतात. लोबचा गोल भाग व्हॉल्व्हच्या बाजूला असतो तोवर व्हॉल्व्ह बंद. टोक त्या बाजूला येऊ लागलं की व्हॉल्व्ह उघडतो, टोक उतरलं की स्प्रिंग त्याला परत बसवते. पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. म्हणजे इंजिन ६००० आरपीएमवर (मिनिटाला ६००० फेऱ्या) असताना कॅम ३००० वर फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि बंद होतो.

व्हॉल्व्ह किती उघडतो ती लिफ्ट. क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते ड्युरेशन. कॅमच्या डब्यावर हे दोन आकडे सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेले असतात आणि गिऱ्हाईक तेवढेच वाचतं.

[ॲनिमेशन: लोब फिरतोय, बाजूला सेकंदाचा काटा.]

ड्युरेशनचं एक उदाहरण घेऊ. समजा व्हॉल्व्ह २४० अंश उघडा राहतो. इंजिन ८०० आरपीएमवर शांत चालू असेल, तर हे २४० अंश म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. हवेला आत यायला भरपूर वेळ. तेच इंजिन ६००० वर नेलं, की तेच २४० अंश सेकंदाच्या दीडशेव्या भागात उरकतात. दार तेवढंच उघडतंय, पण आत शिरायला वेळच नाही. मग दार जास्त वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे ड्युरेशन वाढवायचं, असा हा सरळ हिशेब. वरच्या आरपीएमला दम हवा असेल तर तो बरोबरही आहे. अडचण एवढीच की कॅम लोखंडाचा आहे. ८००ला एक आणि ६०००ला दुसरा, असा तो बदलत नाही.

[पिस्टन, दोन व्हॉल्व्ह, आडवा छेद.]

आता खरी गंमत. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो, यावर इंजिनाचा स्वभाव जितका ठरतो तितका दुसऱ्या कशावरच नाही, असं आमचं मत आहे. डब्यावर तो आकडा मात्र मोठ्या अक्षरांत कधी नसतो.

एक कॅम घेऊ. ड्युरेशन २७०, इनटेक आणि धूर सोडणारा एक्झॉस्ट, दोन्हीकडे. दोन लोबच्या टोकांमधलं अंतर, म्हणजे लोब सेपरेशन, ११० अंश. इनटेकची सेंटरलाइन १०६ वर, म्हणजे पिस्टन माथ्यावरून निघाल्यावर क्रँकच्या १०६ अंशांनी इनटेक लोबचं टोक येतं. हिशेब मांडला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला जाऊन आल्यावर ६१ अंशांनी बंद होतो. तोवर पिस्टनने वर येताना स्ट्रोकचा जवळपास पाचवा हिस्सा कापलेला असतो, आणि व्हॉल्व्ह उघडाच! वेगात आत घुसणाऱ्या हवेला याचं काही वाटत नाही. तिला स्वतःचा रेटा असतो, पिस्टन वर येत असला तरी ती आत कोंबली जाते. पण कमी आरपीएमला हवेत तो रेटाच नसतो. आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. म्हणजे कागदावर ९.५ असलेलं कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते ते) प्रत्यक्षात ७.८ च्या आसपास उरतं. त्याच ठिकाणी २९० अंशांचा कॅम घातला तर ते ७.२ वर येतं. खालून गाडी उचलत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की खोल श्वास घेऊन विचार करते, ती इथे.

म्हणून मोठ्या कॅमबरोबर कॉम्प्रेशनही वाढवावं लागतं. पिस्टन, हेड, गॅस्केट जुनेच ठेवून नुसता मोठा कॅम घालणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

[पुन्हा सुरुवातीचा आवाज, हळू.]

आता त्या आवाजाकडे येऊ. २७० च्या याच कॅममध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायच्या आधी इनटेक उघडतो. क्रँकच्या ५० अंशांपर्यंत दोन्ही दारं एकदम उघडी असतात. हा ओव्हरलॅप. २९० च्या कॅमला तोच ७० होतो. वरच्या आरपीएमला हे वरदान आहे: बाहेर धावणारा धूर मागे पोकळी सोडतो आणि ताजी हवा तिच्यात ओढली जाते. पण इंजिन नुसतं चालू असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, निर्वात (व्हॅक्यूम) असतो. तो उलटाच खेळ करतो, जळालेला धूर परत आत ओढतो. ताज्या मिश्रणात धूर मिसळला की एखादा ठोका नीट पेटतच नाही. पुढच्या फेरीत सिलिंडर साफ होतो आणि ठोका जोरात पडतो. तो गिळलेला ठोका, ते डुलणं, सगळं यातून. ज्या आवाजावर आपण भाळतो, तो इंजिनाला ठसका लागल्याचा आवाज आहे.

आणि माझं ब्रेकचं पेडल? पायाचा जोर वाढवणारा ब्रेक बूस्टर याच मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. साध्या इंजिनाला चालू अवस्थेत साधारण १८ ते २० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम असतो. मोठ्या ओव्हरलॅपने तो १० वर आला की बूस्टरला पुरत नाही, आणि दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल कडक. यावर वेगळी व्हॅक्यूम टाकी किंवा इलेक्ट्रिक पंप बसवता येतो. पण ते आधी ठरवून करायचं असतं, खांबाला टेकल्यावर नाही.

[महामार्ग. आरपीएमचा काटा.]

मग निवड कुठून सुरू करायची? डब्यापासून नाही, या काट्यापासून. हिशेब करून बघा. टायरचा घेर २ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला ८३३ फेऱ्या मारतं. डिफरन्शियल ३.० चं (चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या तीन फेऱ्या) आणि टॉप गिअर सरळ असेल तर इंजिन २५०० वर. वर ०.७ चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाला त्या दांड्यापेक्षा हळू फिरू देणारा गिअर, असेल तर फक्त १७५०. आता अशा गाडीत २८०० ला जागा होणारा कॅम घातला, तर तो प्रवासभर झोपूनच राहणार. डिफरन्शियल ४.१ चं केलं तर त्याच ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन २४०० च्या जवळ जातं. कॅम आणि डिफरन्शियल ही जोडी एकत्रच ठरवायची असते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तिसरा भिडू येतो: टॉर्क कन्व्हर्टर, क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा भाग. त्याचा स्टॉल स्पीड (चाकं अडवून धरली तर इंजिन जास्तीत जास्त ज्या आरपीएमला जातं तो) कॅम जिथे जागा होतो त्याच्या थोडा वर हवा. नाहीतर सिग्नलला डी टाकला की इंजिन दबतं आणि बंद पडतं. मॅन्युअलवाल्यांना इथे सूट आहे, क्लच आपल्या पायात असतो.

१९६७ ते ६९ च्या शेव्हरोले कॅमॅरो झेड-२८ मध्ये हे छान दिसतं. ट्रान्स-ॲम शर्यतीला पाच लिटरची मर्यादा होती, म्हणून ३०२ घनइंचांचं इंजिन. त्यात भरपूर ड्युरेशनचा सॉलिड लिफ्टर (लिफ्टर म्हणजे लोबवर बसून उचलला जाणारा तुकडा) कॅम, ज्याचं व्हॉल्व्ह क्लिअरन्स दोन्हीकडे ०.०३० इंच, म्हणून त्याला नावच पडलं थर्टी-थर्टी. पण कॉम्प्रेशन ११, आणि गिअरबॉक्स फक्त चार गिअरचा मॅन्युअल. ऑटोमॅटिक मिळतच नव्हता. कारखान्याने कॅम एकटा विकला नाही, अख्खं बिऱ्हाड बरोबर दिलं.

[दोन कॅम कार्ड शेजारी शेजारी.]

कॅम कार्ड, म्हणजे कॅमबरोबर येणारा आकड्यांचा कागद, वाचताना एक सापळा टाळा. जाहिरातीतलं ड्युरेशन कुठून मोजायचं, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. कोणी लिफ्टर ०.१५ मिलिमीटर उचलल्यापासून मोजतं, कोणी आणखी वेगळ्या ठिकाणापासून. तुलना करायची ती १.२७ मिलिमीटरच्या, म्हणजे ५० हजारांश इंचाच्या आकड्याची. साडेपाच-पावणेसहा लिटरच्या, पुशरॉडच्या (कॅम खाली, व्हॉल्व्ह वर, मध्ये ढकलणारे दांडे) व्ही-८ ला या मापाने २१० ते २२० अंश म्हणजे सभ्य कॅम. २२० ते २३० ला तो डुलका आवाज येतो, तरी गाडी रोज चालवता येते. २४० च्या पुढे रोजच्या वाहतुकीत जीव नकोसा होतो. हेच आकडे लहान इंजिनाला लावू नका, लहान सिलिंडरला तोच कॅम मोठा पडतो. सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह असलेल्या हेडला तर मुळातच कमी ड्युरेशन पुरतं. टर्बोचं गणित आणखी वेगळं: एक्झॉस्टमध्ये दाब असतो, म्हणून ओव्हरलॅप कमी, लोब सेपरेशन जास्त.

लिफ्टबद्दल थोडक्यात. व्हॉल्व्हच्या व्यासाच्या पाव भागाइतकी लिफ्ट झाली, की कडेची वाट व्हॉल्व्हच्या तोंडाइतकीच होते. ४० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला १० मिलिमीटर. त्यापुढे फायदा होतो, पण तो हेड किती हवा सोडतं त्यावर. आणि पुशरॉड इंजिनात कॅम न बदलताही लिफ्ट वाढते: लोब ८ मिलिमीटरचा असेल तर १.५ च्या रॉकरने (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) १२, आणि १.६ च्या रॉकरने १२.८.

एकाच कॅमवर दोन स्वभाव बसवायचा ध्यास होताच. होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रात व्हीटेक आणलं. दोन व्हॉल्व्हमागे तीन लोब. बाजूचे दोन शांत, मधला आक्रमक. आरपीएम वर गेलं की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, तिन्ही रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि कारभार मधल्या लोबकडे जातो. १.६ लिटरच्या इंजिनातून १६० अश्वशक्ती, तीही ७६०० वर! ज्यांच्याकडे ती पिन नाही, त्यांना एकच लोब निवडायचा आहे.

[उघडं इंजिन. हातात मातीचा गोळा.]

कॅम ठरला, की बसवण्याआधी एक काम हातानेच करावं लागतं. पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हच्या खाचेत, मुलं खेळतात ती मऊ माती दाबून लावायची. हेड बसवून टायमिंग लावायचं आणि इंजिन पान्याने हळूहळू पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचं. मध्ये कुठे अडलं तर जोर लावायचा नाही! हेड उतरवलं की मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला दिसतो. ब्लेडने तो मधोमध कापायचा आणि सगळ्यात पातळ जागा मोजायची. इनटेकला किमान २ मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच, कारण तो व्हॉल्व्ह तापून लांबतो. यापेक्षा कमी असेल तर पिस्टनला खोल खाचा करा, नाहीतर लहान कॅम घ्या.

स्प्रिंगही कॅमबरोबरच्याच घ्या. जुनी स्प्रिंग वरच्या आरपीएमला लोबचा पाठलाग करू शकत नाही, व्हॉल्व्ह हवेत तरंगतो. आणि पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, दीडेक मिलिमीटर जागा हवीच. गाडीत फ्युएल इंजेक्शन असेल तर ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, ट्यूनिंगही त्याच खर्चात धरा. कमी व्हॅक्यूम बघून सेन्सरला वाटतं की इंजिनावर भार आहे, आणि तो नको तेवढं पेट्रोल ओततो. धूर तपासणी लागू असेल तर मोठा ओव्हरलॅप तिथेही आडवा येतो.

दोन कॅममध्ये मन अडकलं तर मी लहान घेतो. हल्ली विचारही करत नाही.

[अंश चकती, डायल गेज, मग इंजिन सुरू.]

खुणेला खूण जुळवून भागत नाही. अंश चकती लावून सेंटरलाइन खरंच १०६ वर आहे का, ते बघावं लागतं. कॅम चार अंश पुढे सरकला तर ताकद खालच्या आरपीएमकडे येते, मागे गेला तर वर जाते.

लिफ्टर सपाट असतील तर पहिली २० मिनिटं जपायची. कॅमला तेल मिळतं ते क्रँकने उडवलेलं, म्हणून सुरू होताच थेट २००० ते २५०० आरपीएम, आणि तेलात जस्त-फॉस्फरसची भर. या वेळात प्रत्येक लिफ्टर स्वतःभोवती फिरत आपल्या लोबशी जमवून घेतो. रोलर लिफ्टरना हा सोपस्कार नाही.

[आरपीएम उतरतं. व्हॅक्यूम गेज जवळून.]

आता पाय उचला. इंजिन उतरतं, ८५० ला येतं. आवाज किंचित डुलका, ठोका मात्र एकही गिळलेला नाही. व्हॅक्यूमची सुई १५ जवळ थांबते, बारीक थरथरते. ब्रेक दाबून बघतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पेडल मऊ आहे. गाडी रिव्हर्सला घेतो, मागे तोच खांब आहे.